केसरच्या खोलीतली निळी पेटी

केसरच्या दारात अख्खा कोळीवाडा लोटला होता. आत जवळा आणि सुक्या बोंबलांच्या पिशव्या छतापर्यंत रचलेल्या, खिडक्या घट्ट लावलेल्या, आणि वास मात्र नाही! लोक आत जात, नाक फुलवून हुंगत आणि हात जोडून बाहेर येत. आम्ही पावसाळ्याची सुकी मासळी झोपायच्या खोलीतच साठवतो, त्यामुळे हे अप्रूप मलाही कळत होतं. पण हात कशाला जोडायचे?

कोपऱ्यात निळ्या दिव्याची पेटी आणि पेटीमागे भगव्या बंडीतला प्राणगुरू निकेश. पेटीतून निघणारं हायड्रॉक्सिल म्हणजे अदृश्य अग्निकण, निसर्गाचा साबण. वास जाळतो, रोग जाळतो, नजरसुद्धा जाळतो, असं त्याचं घोकलेलं पालुपद चाललं होतं. पुरावा काय? पिशव्यांचे रबर आपोआप तटातट तुटत होते. नजर तुटली, म्हणे! अटी मात्र कडक. खिडकी उघडायची नाही, पेटी बंद करायची नाही आणि केसरच्या सात वर्षांच्या नातीला, किशोरीला, दम्याचा पंप द्यायचा नाही. पंपाने शक्ती अडते.

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी सुचिता, इथल्या उपकेंद्रातली नर्स. पंप ओढायला मीच त्या पोरीला शिकवलं होतं. पेटी आल्यापासून आठ दिवसांत तिला ओटा उतरतानाही धाप लागायला लागली होती, आणि केसर म्हणत होती, "रोग भायेर पडतंय गो बाय." मी किशोरीला अंगणात आणलं, पंप दिला आणि केसरच्या हातापाया पडून पोरीला पाली गावी तिच्या मावशीकडे धाडलं.

त्याच दिवशी दोन नवे रबर दोन डब्यांवर ताणून बसवले. एक डबा पेटीजवळ, दुसरा ओट्यावर सावलीत. चौथ्या दिवशी पेटीजवळचा रबर चिरा पडून तुटला. ओट्यावरचा जसाच्या तसा.

"आत नजर होती, बाहेर नव्हती," निकेश हसून म्हणाला.

मग मी आतली बोंबलांची एक पिशवी अंगणात आणली. लोकांना थोडा वेळ मोकळ्या हवेत उभं केलं आणि हुंगायला लावलं. वास असा की शेजारची मांजरं धावत आली! मासळीचा वास कुठेच गेला नव्हता, खोलीत नाकं बधिर होत होती.

सगळ्यांना सांगितलं, त्या दिव्याने हवेत ओझोन तयार होतो. तोच रबर चिरतो, नाक बधिर करतो आणि दम्याच्या पोराची छाती भरून आणतो. हायड्रॉक्सिल खोटं नाही. उघड्या आभाळात ते हवा धुतं. पण बंद खोलीत ते वासाचे कण अर्धवट मोडतं आणि त्यातून फॉर्मल्डिहाइडही तयार होऊ शकतं. ते पाण्यात मिसळलं की फॉर्मलिन होतं.

"मासळीला फॉर्मलिन लावणाऱ्या व्यापाऱ्याला तुम्ही बंदरावरून हाकललंत ना?" मी विचारलं. "मग नातीच्या छातीत तेच कसं चालतं?"

केसरच्या डोळ्यांत पाणी आलं. निकेशने शेवटचं अस्त्र काढलं, पेटी बंद केलीत तर कोप होईल.

"होऊ दे माझ्यावर," केसर म्हणाली. तिने पेटी दोन्ही हातांनी धरली. "पन आधी तू आत बस. खिडक्या मी लावते. आठ दिस बस, मंग बोलू."

प्राणगुरूंना दुसऱ्या गावचं तातडीचं काम आठवलं. केसरने पिन उपटून पेटी त्यांच्या मागोमाग रस्त्यावर ठेवली आणि सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

तर मंडळी, वास नको असेल तर वारा आत येऊ द्या, मासळी वेगळी ठेवा. आणि हवा शुद्ध करणारा कुणी आला, भगव्यातला असो की सुटाबुटातला, त्याला विचारा: यातून ओझोन किती निघतो, आणखी काय तयार होतं, माणसं राहतात तशा बंद खोलीत ते कुणी मोजलंय का? मोजल्याचा कागद नसेल तर त्याला सांगा, पेटी उचल. आमच्या पोरांची फुप्फुसं तुझ्या प्रयोगासाठी नाहीत.