न म्हटलेली ओळ

शिवणबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. पाळकसाहेबांच्या पत्नी दारात उभ्या राहून रिकाम्या खुर्च्या शोधत होत्या, आणि माणसं अजून येतच होती.

चर्चच्या मोठ्या सभागृहाच्या छपराचं काम निघालं होतं, म्हणून त्या रविवारची उपासना मुलांच्या वर्गखोलीत भरली होती. भिंतीवर खडूने काढलेलं तारू, त्याच्यापेक्षा मोठी झालेली मेंढरं, आणि बसायला मुलांच्या बुटक्या खुर्च्या. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन अवघडून बसली होती.

"बसवलंत खरं," कानाने अधू झालेले पोस्टमनकाका सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "पण उठवणार कोण?"

हशा पिकला. तेवढ्यात दूधगाडीवाला दारात आला आणि तो हशा तिथल्या तिथे विझला.

दूध पोचवून यायचा, म्हणून त्याला नेहमीच उशीर व्हायचा. सभागृहात तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसे आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जाई. आज शेवटचा बाक नव्हता. एकच खुर्ची उरली होती. तो मागे फिरणार, एवढ्यात पाळकसाहेबांच्या पत्नींनी त्याच्या दंडाला धरलं आणि शिवणबाईंच्या शेजारी आणून बसवलं. शिवणबाईंनी पिशवी पोटाशी घट्ट धरली.

चौदा महिन्यांपूर्वी, सकाळी सायकलवरून कामाला निघालेली त्यांची एकुलती एक लेक वळणावर त्याच्या गाडीखाली आली होती. चौकशी झाली. ऊन डोळ्यांवर आलं होतं, वेग बेताचा होता, दोष कुणाचाच नाही, असं कागदावर आलं. तो कागद शिवणबाईंना लेकीच्या शवपेटीपेक्षा जड गेला. रागाला टेकायलासुद्धा जागा ठेवली नव्हती त्या कागदाने.

दुसरीकडे जावं म्हटलं, तर गावात चर्चची मंडळी एकच. दोघंही लहानपणापासून इथलेच. सुरुवातीला लोकांनी धीर धरला. मग हळूहळू वाट बघायला लागले. पाळकसाहेब क्षमेवर बोलले की पन्नास माना आधी पुढे, शिवणबाईंकडे वळत आणि मग मागे, त्याच्याकडे. गेल्याच आठवड्यात पाळकसाहेबांच्या पत्नी घरी येऊन म्हणाल्या होत्या, "ताई, आता मन मोठं करा."

"मन म्हणजे काय कपडा आहे," शिवणबाई म्हणाल्या होत्या, "शिलाई उसवली की मोठा झाला?"

गीत सुरू झालं. पोस्टमनकाका नेहमीसारखे एक ओळ मागे होते. शेजारून डिझेलचा आणि साबणाचा वास येत होता. शिवणबाईंनी नजर मेंढरांवरून हलवली नाही. वचनाचं वाचन झालं, प्रवचन झालं. मग सगळे प्रार्थनेला उभे राहिले आणि खोली इतकी भरली की त्याची बाही त्यांच्या पदराला लागली. सरकायला जागा नव्हती.

रोजची पाठ प्रार्थना. आईने शिकवलेली, त्यांनी लेकीला शिकवलेली. तीत एक ओळ येते: दुसऱ्यांचे अपराध आम्ही माफ केले, तसे आमचेही माफ व्हावेत, अशा अर्थाची. चौदा महिने त्या ओळीशी आल्या की शिवणबाई ओठ मिटून घेत. सभागृहाच्या घुमणाऱ्या आवाजात एक तोंड बंद झालेलं कुणाला कळणार?

आजही त्यांनी ओठ मिटले. आणि त्या छोट्या खोलीत त्यांना स्पष्ट कळलं, की शेजारचा आवाजही थांबलाय.

पुढची ओळ दोघांनी एकदमच उचलली.

उपासना संपली. लोक चहाला अंगणात गेले. दूधगाडीवाला भिंतीकडे तोंड करून खुर्च्या एकात एक घालू लागला. शिवणबाई बसूनच होत्या. पाळकसाहेब जवळ आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"आज फार बरं वाटलं," ते म्हणाले. "तुम्हा दोघांना शेजारी बघून."

"जागा नव्हती, साहेब," दूधगाडीवाला न वळता म्हणाला.

 पाळकसाहेब चहा निवतोय असं काहीतरी पुटपुटत बाहेर गेले.

"ती ओळ तुम्ही का सोडता?" शिवणबाईंनी विचारलं. चौदा महिन्यांत त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

त्याच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

"तुमच्या तोंडून ती निघत नसणार," तो म्हणाला. "मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

बाहेर कपबशा वाजत होत्या. शिवणबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. एक प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारला नव्हता, चौकशीच्या साहेबांनाही नाही. ज्याच्यापाशी उत्तर होतं, त्याच्या तोंडाकडे त्यांना बघवत नव्हतं. आताही त्या जमिनीकडेच बघत होत्या.

"काही बोलली का ती?"



"पाणी मागितलं," तो म्हणाला. "माझ्याकडे नव्हतं. चारशे लिटर दूध गाडीत, आणि प्यायला घोटभर पाणी नाही. कॅन उघडला. ओंजळीत दूध घेऊन धावलो. तोवर..."

त्याने खुर्ची खाली ठेवली. हात कुठे ठेवावेत हे त्याला समजेना.

 शिवणबाईंना रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही. दारात कुणीतरी चहाचा कप घेऊन आलं, आत बघून पाऊल न वाजवता परत गेलं.

"दूध नसतं घेतलं तिने," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "लहानपणापासून तोंड फिरवायची. साय दिसली की पळायची."

तो उभाच होता.

"पुढे?" शिवणबाई म्हणाल्या. "तोवर काय? सांगा मला. बसा आणि सांगा."