सहा की सात

मी एक जुनं अस्तर आहे, मित्रांनो. कोटाचं नव्हे, टग नावाच्या मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्याच्या रक्तवाहिनीचं. आतल्या भिंतीला एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी, त्या आम्ही. 'मी' म्हणायचं की 'आम्ही', हे मला आजवर उमगलेलं नाही. तुम्हाला त्याची अडचण होत असेल तर सोसा.

टग होता तेव्हा माझा रुबाब होता. रक्त माझ्या अंगावरून धावायचं आणि मी त्याला कुठे गोठू देत नसे. मग गोर गावच्या रस्त्यावर दुधाचा टँकर आला. मालक एरिक मॅक्स्किमिंग टोपी हातात धरून गुरांच्या डॉक्टरला म्हणाला, "त्याचं काही कुणाच्या कामी येत असेल तर घ्या. जन्मात रिकामा बसला नाही तो." टग गेला, मी राहिले. हे कसं काय, ते मला विचारू नका.

डनीडन शहरातल्या प्रयोगशाळेत मला चपट्या बाटलीत, गुलाबी पाण्यात ठेवलं. बाटली भरली की मला तळापासून सोडवायचं आणि नव्या बाटल्यांत वाटायचं. जितक्या वाटण्या, तितकं माझं वय. सहापर्यंत मी कामाची. सात झाले की मी माझं घराणं विसरते, लांबट आणि सुस्त होते, मग मला ब्लीचमध्ये ओततात. मधे काम नसलं तर कुपीत गोठवतात, लागलं की वितळवतात.

कामाला दोघी होत्या. मर्ल हॉजकिस तीस वर्षं तिथेच, साऱ्यांच्या चुका तोंडावर सांगणारी. मला आवडायची. दुसरी लोसा, मूळची सामोआ बेटांकडची, ऑकलंडहून आलेली. तीन वर्षं खपून तिने एक बारीक नळी बनवली होती, हृदयाची वाट तुंबली की बसवायला. नळीच्या आत मी चिकटून धरते का, ते गुरुवारी पाहायचं होतं. नाही धरलं तर लोसाची तीन वर्षं पाण्यात.

मंगळवारी मर्लने माझी बाटली उचलून वरचा आकडा वाचला.

"पाच? कुठल्या जन्मातल्या पाच?"

"कुपीवर चार होता, आंटी. एक वाटणी मी केली."

"आणि वितळवलीस ती कोण मोजणार, माझी आजी?"

"वितळवणं कुठे मोजतात?"

"मी मोजते. त्यातही ती सोसतेच. सहाचा नियम माझा आहे पोरी, मोजायचंही माझ्यासारखं."

मग दोघींनी ती रिकामी कुपी पुन्हा पाहिली. तो चार लिहिण्याआधीही मला एकदा वितळवलं होतं. चार मर्लने लिहिला असेल, तर ते वितळवणं त्यात आलं आणि मी आज सहा. लोसाने लिहिला असेल, तर ते राहून गेलं आणि मी सात. कुपीवर सही होती. पण आत नेताना प्रत्येक वस्तूवर अल्कोहोल मारायचं ही तिथली शिस्त. त्यात मार्करची सही पुसली, आकडा तेवढा उरला. आणि दोघींचा चार अगदी सारखा.

त्या सूक्ष्मदर्शकातून माझ्याकडे पाहू लागल्या. मी ताठ बसले, पण खरं सांगते, मलाच ठाऊक नव्हतं. फुटताना कोण मोजतं? मधे मी फरशीसारखी घट्ट होते, कडेला काही जणी लांबट पसरल्या होत्या. त्या माझ्याच ना? की त्याच मी?

"फरशी बरी आहे," मर्ल म्हणाली. "कडेच्या बाया जरा लोळतायत. सोमवारी मीही अशीच दिसते."

लोसा हसली नाही. "डब्यात अजून एक कुपी आहे. दोनची, तुमच्या सहीची."

"शेवटची आहे ती. संपली की टग संपला."

"माहीत आहे. पण ही धरली नाही, तर दोष नळीचा की हिच्या वयाचा, हे मला कधीच कळणार नाही. एरिकला काय सांगू?"

मर्लने चष्मा काढून पुसला. "आधी चहा. चीज रोल आणलेत मी. रिकाम्या पोटी कुणाला ब्लीचमध्ये घालू नये."

चहानंतर लोसाने मला ब्लीचमध्ये ओतलं. फार अपमान वाटला. सहा असते तर?

मग कोमट पाणी लागलं आणि मी त्या शेवटच्या कुपीत वितळले. तेव्हापासून माझा गोंधळ संपलेला नाही. ओतली ती मी, की उरली ती मी? तो अपमान मला आठवतो, आणि माझ्या वाट्याला तर तो आलाच नव्हता.

लोसाने बाटलीला कागदी पट्टी लावली आणि शिसपेन्सिलीने लिहिलं: टग. तीन. वितळवणं धरून. लोसा. वर अल्कोहोल मारलं. मर्लने पट्टीवरून बोट फिरवलं.

"अक्षर गचाळ आहे," ती म्हणाली. "पण राहिलं."

पुढच्या गुरुवारी मी नळीत शिरले. पंपाचं पाणी अंगावरून धावू लागलं, टगच्या वेळेसारखं, आणि मी नळीभर घट्ट धरून बसले. लोसाने पाहिलं आणि नुसती खुर्चीत टेकली. मर्लने एरिकला फोन लावला.

मित्रांनो, जे जपायचं त्याच्यावर नुसता आकडा लिहू नका. कुठून मोजलं ते लिहा, आणि पुसणार नाही असं लिहा. मला माझं वय विचाराल तर मी ताठ बसून खोटंच सांगेन. बाटलीवर वाचा.