सव्वीस फूट चाललेली शेड

पुनमची शेड आखाजीच्या दिवशी सव्वीस फूट चालून शेजारच्या वच्छलाबाईंच्या अंगणात गेली आणि तिथेच राहिली. पण हे विसरा. असं काही घडलेलं नाही. भडगाव तालुक्यात पत्र्याच्या शेडी चालत नाहीत, आणि चालल्याच तर सणाच्या दिवशी घर सोडून जात नाहीत. आपण रीतसर सुरुवातीपासून घेऊ.

पुनम मोटार वाइंडिंग शिकलेली. केळीबागांतल्या बोअरच्या जळालेल्या मोटारी ती तांब्याची तार भरून पुन्हा जिवंत करायची. अडचण एकच, जागेची. तिनं घरातल्या पलंगावर मोटार उघडली की आई स्वयंपाकघरातून काहीतरी पुटपुटायची, आणि ती रामरक्षा नसायची.

मागची बाग आजोबांची, म्हणजे नानांची. नानांना शेड म्हटलं की पाया दिसायचा, पाया म्हटलं की खड्डा, आणि खड्डा म्हटलं की लिंबाची तुटलेली मुळं.

"मनी बागमा एक खड्डा नही पाडाना," नाना म्हणाले. "बिनखड्डानी शेड व्हई का?"

"होईल."

"मंग आखाजीना सांजले मी पाहसू. खड्डा नही दिसना, आनि शेड मनी बागमा सरळ उभी दिसनी, तर ऱ्हाऊ दे. नही तर भंगारवाला. आनि तू जळगावले मामाना दुकानवर मोबाइलना कव्हर इक."

त्या दुकानात पुनम पूर्वी एकदा चार दिवस बसली होती. चौथ्या दिवशी तिनं मामाचा चालू पंखा उघडला होता. दोघांनाही तो अनुभव पुन्हा नको होता.

तिनं दोन लांब लोखंडी चॅनल जमिनीवर नुसते आडवे टाकले. त्यांवर अँगलचा सांगाडा, नटबोल्ट, पत्रे, एक खिडकी. वर जाड गर्डर, दाराबाहेर चार फूट आलेला, ट्रॉलीतली मोटार साखळीनं उचलायला. गर्डरच्या वाटेत कडुनिंबाची फांदी येत होती, ती तोडली. वाऱ्यानं उडू नये म्हणून आत सहा बंद मोटारी ठेवल्या. चॅनलला गंज चढू नये म्हणून खालून जळकं ऑइल चोपडलं. खड्डा एकही नाही. मुंगीचा होता, तोही तिनं बुजवला.

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. ज्योतीआत्या जामनेरहून माहेरी आली आणि चपला काढायच्या आधी तिनं कडुनिंबाकडे पाहिलं.

"झोकानी फांदी कोठे गई व?"

"तुनी भाचीले इचार," आई म्हणाली.

आखाजीला झोका नाही म्हणजे माहेरी येऊन काय, आमरस प्यायला? तो जामनेरातही मिळतो. आत्याची नजर गर्डरवर गेली.

"हाई लोखंड केवढं वजन उचलस?"

"एक टन," पुनम अभिमानानं म्हणाली.

"मंग मी काय दीड टनानी शे?"

झोका बांधला गेला. आईनं सणाचं म्हणून मागच्या बागेसकट सगळं अंगण पहाटेच शेणानं सारवलं होतं; ते अजून ओलं होतं. गल्लीतल्या झाडून सगळ्या माहेरवाशिणी जमल्या. पुनम आत बसून छगनभाऊंची मोटार भरू लागली, कारण त्यांची केळी उन्हानं माना टाकत होती आणि छगनभाऊ दर तासाला फोन करून केळीची तब्येत सांगत होते.

बाहेर गाणी रंगली, झोके चढले. पुनमच्या खिडकीत लिंबाचं झाड होतं. थोड्या वेळानं अर्धंच दिसू लागलं. मग दोरीवरचं नानांचं धोतर आलं आणि गेलं. पुनमनं तारेचे वेढे मोजणं सोडलं नाही. चुकले तर पहिल्यापासून. एकशे बाराव्या वेढ्याला तिनं मान वर केली तर खिडकीत वच्छलाबाई, हातात कुरडयांची परात घेऊन.

पुनमला वाटलं, वच्छलाबाई आल्या. वच्छलाबाईंना वाटलं, पुनम आली. दोघींत वच्छलाबाई बरोबर होत्या.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. नाना आणि वच्छलाबाई अकरा वर्षं बोलत नव्हते. नानांच्या मोरीचं पाणी वाहत आपल्या अंगणात येतं, असं वच्छलाबाईंचं म्हणणं. जमीन सपाट आहे, उतार मुळी नाहीच, असं नानांचं. तलाठी आले तेव्हाही नानांनी पाण्यावरच संशय घेतला होता. दोन्ही अंगणांच्या मध्ये नाना दर दिवाळीला चुन्याची रेघ मारत. ती रेघ आता शेडच्या मागे पुसटशी दिसत होती.

छगनभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. बागेत शेडऐवजी ऑइलचे दोन लांब पट्टे होते.

"नाना, तुमनी शेड सासरी गई का?"

नाना काठी टेकत पट्ट्यांच्या मागोमाग निघाले. खड्डा शोधला, नव्हता. शेड पाहिली, ओळंब्यासारखी सरळ. फक्त अंगण दुसऱ्याचं होतं. पुनमच्या डोळ्यांपुढे मामाच्या दुकानातल्या कव्हरांची रांग उभी राहिली, गुलाबी, चमचमती.

"पोरेहो, लोटा तिले मांगे," नाना जमलेल्या पोरांना म्हणाले.

"खबरदार!" वच्छलाबाई शेडच्या दारात आडव्या झाल्या. अकरा वर्षांनंतरचा हा पहिला शब्द. "आखाजीना दिन आपला पायवर चाली उनी, ती मनी लेक शे. आठेच ऱ्हाई."

"लोखंडनी शे ती!"

"मनी सून बी लोखंडनीच शे. तिले मी हाकली का?"

एवढं बोलून त्यांनी शेडच्या कडीला हळदकुंकू लावलं, गर्डरवर खण टाकला आणि पुनमपुढे रसाची वाटी ठेवली. "काम कर व माय. लाइट मना घरथून घे. जाई तवय जाई. पन उनी तशीच, आपला पायवर. कोनी हात लावाना नही."

छगनभाऊंची मोटार त्याच अंगणात फिरली. आता नानांनाच शेड हवी झाली. ही पोरगी मोटारी जिवंत करते आणि नाव वच्छलाबाईंच्या अंगणाचं होतं, हे त्यांना सोसेना. आत्यानं उलटा झोका घेऊन पाहिला. शेड चार बोटं आणखी पुढे गेली.

शेवटी नानांनी अर्ज सांगितला आणि पुनमनं शेडमध्ये बसून उतरवून घेतला. एका शब्दापाशी नानांनी वच्छलाबाईंच्या घराकडे पाठ केली आणि मग तो शब्द हळूच सांगितला:

"प्रति, मा. सरपंच. विषय: उतार. माझ्या बागेस शेजारच्या अंगणाकडे उतार असल्याचे आजच माझ्या निदर्शनास आले आहे. तरी मेहरबानांनी सदर उतार पुढील आखाजीपूर्वी फक्त एका दिवसासाठी उलट दिशेस करून द्यावा, व तसे करताना कोठेही खड्डा पाडू नये, ही नम्र विनंती."