काचेच्या पायातला नारू

सेलूच्या कापूस बाजारात निजाम सरकारच्या आरोग्य खात्याचा तंबू पडला होता. आत मेजावर गुडघ्यापर्यंतचा एक बनावट पाय, काचेसारखा आरपार. डागदरांनी आतला दिवा लावला की हाडं, शिरा आणि घोट्याभोवती दोऱ्यासारखा गुंडाळलेला नारूचा किडा लख्ख दिसायचा. पेडगावच्या नीलम्मानं आधी हातच जोडले.

"माय, देव नाही हा," डागदर हसले. "नारूची जखम पाण्यात बुडाली की तो पिल्लं सोडतो. ते पाणी पिलं की वर्षाभरानं तुमच्या पायातून निघतो. बारवेत कुणाला उतरू देऊ नका."

नीलम्माला गावची बारव आठवली. गुरुपादबुवा दर शिवरात्रीला कीर्तनाला यायचे, तेव्हा आधी बारवेत उतरून पाय धुवायचे. बुवांचे पाय लागलेलं पाणी म्हणजे तीर्थ! बायका तिथंच घागरी भरायच्या. बुवांच्या घोट्याला चिंधी असायची, हे साऱ्यांनीच पाहिलं होतं. मागं तिची सून नारूनं उन्हाळाभर खाटेवर होती, आणि आता तिला दिवस गेले होते.

पण बोलावं तर बुवा रुसून जातील. त्यांनी शिवाचं नाव आळवलं की नीलम्मा भूक-तहान विसरायची. असा गळा पंचक्रोशीत नव्हता.

शिवरात्रीला बुवा आले. नीलम्मा घागर-परात घेऊन बारवेच्या वरच्या पायरीवर वाट अडवून बसली.

"बुवा, पाय हितंच धुवा."

"का गं? पाणी आटलं का?"

"पाणी हाय. तुमच्या पायात नारू हाय."

मागून घागर घेऊन आलेली चन्नबसम्मा कडाडली, "नीलम्मे, जीभ झडंल! गुरूच्या पायाला नावं ठेवायलीस?"

"पायाला न्हाई, किड्याला ठेवायलेय. सेलूला आरपार बघितलाय म्या त्यो." ती बुवांकडं वळली. "बुवा, रागावून गेलात तर लय रडंन मी. पण माही सून पोटुशी हाय, ती हेच पाणी पिती."

बुवा तिथंच पायरीवर बसले. त्यांनी चिंधी सोडली. जखमेतून निघालेलं नारूचं टोक, रोज थोडं थोडं ओढून काढायला, काडीला गुंडाळलेलं होतं.

"शिवाचं देणं म्हणून सोसत होतो गं," ते म्हणाले. "हे मी गावोगाव वाटत हिंडलो की काय?"

 नीलम्मानं परातीत बुवांचे पाय धुतले आणि परात लांब उकिरड्यावर रिकामी केली. "तीर्थ उकिरड्यावर!" चन्नबसम्मा पुटपुटली.

"कीर्तन करता नव्हं?" नीलम्मानं भीत भीत विचारलं.

"करतो की. बसून करतो, पाय ठणकायलाय. आन् उद्या पालमला कीर्तनाला जायचंय मला. आधी निरोप धाडा कुणीतरी, बुवाच्या पायासाठी पाणी वरच आणून ठेवा म्हणावं."