पुसलेलं सॉकेट

चिमाजी शेळक्यांनी चाकणच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं गिअरबॉक्स बसवले, आणि त्यातला एकही माघारी आला नाही. ते स्वतः हे कधी सांगत नसत. त्यांची पोरगी निशिगंधा सांगायची, ओळख असो नसो, समोर येईल त्याला.

तर त्या रविवारी सकाळी संत तुकाराम नगरच्या घरात बापलेक चटईवर नव्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड मांडून बसलेली. निशिगंधाला घरून करायचं डिझाइनचं काम लागलं होतं. अट एकच, सोमवारी दहाला स्वतःचं मशीन चालू पाहिजे. नाहीतर यादीत दुसरी मुलगी तयारच होती. बाहेर नोकरीला हिला जाता येत नव्हतं. आतल्या खोलीत आई, मंजुळाबाई, दोन वर्षं अर्धांगानं आडवी. बाप शिफ्टला गेला की घरात हीच.

"हे मधोमध काय गं? मुंग्या बसल्यात जणू."

"सॉकेट आहे आप्पा. यात प्रोसेसर बसतो. त्या मुंग्या म्हणजे पिना, त्याच्याशी बोलणाऱ्या."

"आणि ह्या खाचा?"

"रॅमच्या. नीट बसली की टक्कन वाजते."

"मग आमच्या लॉकसारखंच की."

"तुम्हाला सगळं जग गिअरबॉक्सच दिसतंय!"

तिनं सॉकेटची दांडी उचलली, झाकण काढलं, आणि आतून आईची हाक आली. कूस बदलायची होती. "आलेच," म्हणून ती उठली.

आता माणसाचा हात तो. अठ्ठावीस वर्षं एकच वळण: पार्ट बसवायचा तर बसायची जागा आधी पुसायची. न पुसता बसवलं तर सुपरवायझर आईबहीण काढायचा. चिमाजींना त्या पिनांवर धुळीचा एक तंतू दिसला. त्यांनी जुन्या बनियनचा मऊ तुकडा घेतला आणि तान्ह्याचं तोंड पुसावं इतक्या हळू एक हात फिरवला. कापड जरासं अडकलं. त्यांनी सोडवून घेतलं. पोरीचं काम तेवढंच हलकं केलं, असं वाटून बरंही वाटलं त्यांना.

निशिगंधा घाईत आली, प्रोसेसर ठेवला, दांडी दाबली, रॅम बसवली, वायरी जोडल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, बोर्डावर लाल दिवा लागला, पडदा काळाच. रॅम काढली, घातली. वायरी काढल्या, घातल्या. दुपारचे तीन वाजले. पोरीच्या कपाळाला घाम. चिमाजी नुसते बघत होते, आणि ते कापड अडकलेलं त्यांना बोटांत आठवायला लागलं होतं.

शेजारच्या रंभाताईंना आईपाशी बसवून दोघं पिंपरीत रविराजच्या दुकानात गेली. बोर्ड तिथूनच घेतलेला. रविराजनं भिंग लावलं.

"ताई, पिना मुरगळल्यात. पंधराएक तरी."

"तुम्ही दिलाच तसा!"

"सील तुमच्यासमोर फोडलं होतं ना ताई? तेव्हा सरळ होत्या."

"मग काय आम्ही वाकवल्या? हे माझे वडील बघा. अठ्ठावीस वर्षं गिअरबॉक्स बसवलेत, एक माघारी आला नाही. त्यांच्यासमोर बसवलाय मी. सांगा आप्पा ह्यांना!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. गप्प बसलं तर पोरगी भांडून कदाचित जिंकलीही असती. पण रविराजचा चेहरा पडलेला, आणि खोटं त्या पोरीच्या तोंडून जात होतं, तिला ठाऊकच नसताना.

"मी पुसलं," ते म्हणाले. "बसवायच्या आधी. कापडानं."

रविराजनं आवाज उतरवून सांगितलं, "काका, त्याला फुंकरसुद्धा मारत नाहीत हो." त्यानं सुईनं पिना उभ्या करायला घेतल्या. चार झाल्या, पाचवी तुटली. "ह्या प्रोसेसरला चालेल असा दुसरा बोर्ड बुधवारी येईल. आज नाही माझ्याकडं, आणि बाकीची दुकानं रविवारची बंद."

निशिगंधानं दुकानाच्या पायरीवरून फोन लावला. "मॅडम, बोर्ड खराब निघाला... बुधवार... हो... हो, कळलं." कुणी खराब केला हे तिनं सांगितलं नाही. फोन ठेवून रविराजला म्हणाली, "सॉरी दादा, उगाच बोलले." मग बापाकडं न बघता, "चला. आई वाट बघत असेल."

पोरीनं शिवी दिली असती तर चिमाजींना सोसलं असतं.

घरी मंजुळाबाई जागीच होती. अर्ध्या तोंडानं तिनं विचारलं, "झालं... चालू?"

"नाही," चिमाजी म्हणाले. "माझ्या हातून बिघडलं. काम गेलं तिचं."

मंजुळाबाईनं पोरीकडं मान वळवली. "म्हंजे... उद्या... ही माझ्यापाशीच?" आणि तिच्या चांगल्या बाजूचा गाल वर गेला. हसली ती. महिनाभर पोटात धरलेली भीती सुटली होती तिची, पडद्याला चिकटलेली पोरगी हाक ऐकणार नाही ही.

चिमाजींनी पोरीकडं बघितलं. तिनंही ते हसू बघितलं होतं.

"हो आई," निशिगंधा म्हणाली. "इथंच आहे मी." आणि उशी सारखी करायला वाकली, तोंड दिसणार नाही इतकी खाली.