थेंबातला ठिपका

कातारी पितळेचे ओळंबे करायचा. भिंत उभी सरळ येतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून जे टोकदार वजन खाली सोडतात, ते. तीस वर्षं लेथवर त्याने दुसरं फारसं काही केलं नव्हतं, आणि आपल्या ओळंब्याइतकं सरळ या जगात काहीच नाही असं त्याचं अगदी प्रामाणिक मत होतं. "सूतभर फरक निघाला तर परत आणा," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. गवंड्यांनी त्याचं नावच 'सूतभर' पाडलं होतं.

मग बाजारात आतून पोकळ, हलके ओळंबे आले. दुकानदार ते बिनदिक्कत 'सूतभरचा माल' म्हणून खपवू लागले. शेवटी त्याच्या बायकोने मनावर घेतलं.

"अहो, तुमच्या मालावर खूण कुठाय? उद्या कुणी दगड बांधून विकला तरी तो तुमचाच ठरेल. खूण काढा, तिचा ट्रेडमार्क घेऊ."

त्याने पेन्सिलीने एक थेंब काढला, टोक खाली, आणि थेंबाच्या पोटात एक ठिपका. बायकोने अर्ज भरला. त्या दिवसापासून रोज सकाळी ती फोनवर अर्जाचा नंबर टाकून स्टेटस बघायची आणि तो लेथवरून ओरडायचा, "आलं का?"

"यायला ते काय पाहुणे आहेत?" ती म्हणायची. "तपासणीसाठी, असं लिहिलंय. कालही तेच होतं."

असे कित्येक महिने गेले. एका सकाळी त्याने विचारलं आणि उत्तरच आलं नाही. तो लेथ बंद करून आत आला. बायकोने फोन पुढे धरला. स्टेटसपुढे एकच शब्द होता: आक्षेप.

सोबत दोन पानांचा अहवाल होता. मोजमापाच्या साधनांसाठी जवळजवळ अशीच खूण आधीपासून नोंदलेली आहे, महिन्याभरात उत्तर द्या, असं त्यात म्हटलं होतं. त्या जुन्या खुणेचा नंबरही होता. बायकोने तो टाकला आणि चित्र उघडलं. एक आडवा थेंब. पोटात एक ठिपका.

"चोरली!" कातारी उसळला.

"अहो, तारीख बघा. साठ वर्षं होत आली. तुमचा तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता. चोरायचंच म्हटलं तर तुम्हीच चोरलीय."

त्याने पुढचं वाचलं. दर दहा वर्षांनी कुणीतरी न चुकता नूतनीकरण केलेलं होतं, ओळीने पाच वेळा. मालाच्या रकान्यात लिहिलं होतं: पाणसळीच्या काचेच्या नळ्या. पाणसळ म्हणजे जमीन आडवी सपाट आहे का ते दाखवणारी पट्टी. तिच्यातल्या नळीत बुडबुडा असतो, ती नळी. मालक एक बाई. पत्ता याच शहरातला, पार दुसऱ्या टोकाचा. त्याने एक ओळंबा खिशात टाकला, चपला घातल्या आणि निघाला. जाताना काय काय सुनवायचं याची त्याने वाटभर उजळणी केली.

पहिल्या मजल्यावरची खोली होती. दार उघडंच. खिडकीशी दगडी माथ्याचं टेबल, आणि त्यावर वाकलेली एक ऐंशीच्या पुढची बाई, एका डोळ्याला भिंग लावलेली. त्याने उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

"थांबा," मान वर न करता ती म्हणाली. "तिथेच. हलू नका."

तो पुतळ्यासारखा उभा राहिला.

"सत्तरच्या पुढे वजन आहे तुमचं."

"बहात्तर किलो," त्याच्या तोंडून निघून गेलं. "पण मावशी, तुम्ही तर पाहिलंही नाही माझ्याकडे."

"मी नाही, यानं पाहिलं. या, बघा."

टेबलावर बोटाएवढी काचेची नळी होती. तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा आणि आत एक लांबट बुडबुडा. "मी दाराकडे जाते. तुम्ही डोळा हलवू नका," असं म्हणून ती चालू लागली. आणि बुडबुडा सरकला. एक रेघ. मग आणखी अर्धी. ती परत आली तसा तोही जागेवर आला.

"जमीन वाकते," ती म्हणाली.

"ही? ही तर फरशी आहे!"

"माणूस उभा राहिला की फरशी काय, सगळंच थोडं वाकतं. आपल्याला दिसत नाही, इतकंच. आता तळवा जवळ न्या. लावू नका."

त्याने नळीच्या एका टोकाशी हात नेला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बुडबुडा अगदी सावकाश, हाक ऐकून वळावं तसा, त्याच्या हाताकडे येऊ लागला.

"ऊब लागली की येतो," ती म्हणाली.

"इतकी सरळ काच... कशी काढता हो?"

"सरळ?" ती हसली. "सरळ असती तर बुडबुडा कुठेच ठरला नसता. आतून वाक दिलाय मी तिला. सळईला बारीक पूड लावून पंधरा दिवस घासते. हा वाक असाच पुढे नेत नेत गोल पुरा केला, तर एक चाक होईल. त्याचा आस कुठे येईल, माहितीय?" तिने खिडकीबाहेर बोट केलं. "ही गल्ली संपते ना, त्याच्या पलीकडे."

त्याने गल्लीकडे पाहिलं, मग त्या बोटभर काचेकडे. एवढं मोठं चाक, आणि त्याचा एवढासा तुकडा या बाईच्या हातांना बरोबर सापडला होता. वाटेत घोकलेलं सगळं त्याच्या डोक्यातून पुसून गेलं. बऱ्याच वेळाने, जरा ओशाळूनच, त्याने येण्याचं कारण सांगितलं आणि कागदावर आपली खूण काढून दाखवली.

तिने भिंग काढून ती निरखली. "आमची बाबांनी काढलेली. थेंब म्हणजे बुडबुडा, ठिपका म्हणजे तो ठरायची जागा. आणि तुमची?"

"थेंब म्हणजे ओळंबा. ठिपका म्हणजे मध्य."

साठ वर्षांच्या अंतराने, एकमेकांची ओळखदेख नसलेल्या दोन डोक्यांत तेच चित्र आलं होतं.

"आणलाय का एखादा?" तिने विचारलं.

तिने ओळंबा आकड्याला टांगला, तो स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, टोकाखाली कागद सरकवून तिथे ठिपका दिला. मग हलक्या हाताने दोरीला पीळ दिला. ओळंबा फिरत राहिला. टोक ठिपक्यावरून ढळलं नाही. ती भिंगातून ते बघत राहिली.

"हात आहे तुमचा," शेवटी ती म्हणाली. आजवर त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. तो उगाचच ओळंब्याची दोरी गुंडाळू लागला.

तिने तिथेच पत्र लिहून दिलं: नळ्यांवर माझी खूण, ओळंब्यांवर यांची, माझी हरकत नाही. बायकोने ते उत्तराला जोडलं. सुनावणीला कातारी आपला ओळंबा आणि तिने दिलेली एक नळी घेऊन गेला. अधिकाऱ्याने पत्र एकदा वाचलं आणि मग तो बुडबुड्यापुढे हात धरून बराच वेळ बसला. पुढे स्टेटस बदललं, स्वीकृत झालं, हरकती मागवणारी जाहिरात निघाली. चार महिन्यांत कुणी हरकत घेतली नाही, आणि एका सकाळी बायको म्हणाली, "नोंदणीकृत."

कातारीने फोन हातात घेतला, शब्द वाचला आणि म्हणाला, "आता मावशींच्या खुणेचा नंबर टाक."

तिने टाकला. साठ वर्षं पुरी व्हायला महिना राहिला होता. नूतनीकरणाचा अर्ज गेलेला नव्हता. दोघं त्याच दिवशी तिच्याकडे गेली.

"मुद्दामच नाही केला," म्हातारी म्हणाली. "माझ्यामागे हे करणारं कोण आहे?"

"मागचं मागे बघू," बायको म्हणाली. "आज टेबलावर काम आहे ना? मग खूणही राहू दे." आणि तिने तिथेच बसून अर्ज भरला.

काही दिवसांनी स्टेटस दाखवायला दोघं पुन्हा गेली. म्हातारीने फोन दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला आणि पुढच्या नूतनीकरणाची तारीख दोनदा मोठ्याने वाचली.

"तेव्हा मी ब्याण्णवची असेन," ती म्हणाली, आणि एकदम खुदकन हसली. "एवढी खात्री तर माझ्या डॉक्टरलाही नाही हो!"

मग तिने फोन परत दिला, हात पुसले, आणि अर्धवट घासलेली नळी उचलली.