अपस्माराचा पाठ

"उघड ना चिठ्ठी, बाँब आहे का त्यात?" मीरा म्हणाली.

जयंतीने चिठ्ठी उघडली, वाचली आणि पुन्हा घडी घातली. मीराने ती तिच्या हातातून ओढून घेतली आणि मोठ्याने वाचली, "अपस्मार. म्हणजे फिट्स ना गं? चला, सुटलो. पलीकडच्या गटाला खरूज आलीय."

वर्ग हसला. मुलुंडच्या त्या अध्यापक विद्यालयात दुसऱ्या वर्षाला 'मानवी रोग व विकार' असा एक प्रकल्प असे. तिघातिघांचे गट पाडायचे, चिठ्ठ्या टाकून रोग वाटून घ्यायचे, माहिती जमवायची, तक्ते रंगवायचे आणि शेवटी सगळ्या वर्गापुढे पाठ घ्यायचा. पाठात नाट्यीकरण सक्तीचे. जे करून दाखवता येत नाही ते शिक्षकाला समजलेलेच नसते, असे शिरोडकर बाईंचे ठाम मत होते, आणि बाईंच्या मतापुढे कोणाची टाप नव्हती.

तास संपल्यावर जयंती बाईंच्या टेबलापाशी गेली. "बाई, आम्हाला मलेरिया दिला तर चालेल का?"

"का? अपस्माराने काय घोडं मारलंय?"

"माहिती नाही मिळणार जास्त."

"मग मिळवा. रोग म्हणजे काय भाजी आहे, निवडून घ्यायला?"

जयंती मुकाट्याने जागेवर आली. खरे तर त्या रोगाची माहिती तिच्याइतकी वर्गात कोणालाच नव्हती. शाळेत होती तेव्हापासून तो तिलाच होता.

घाटकोपरच्या भटवाडीत एका खोलीत ती आणि तिची आई सुगंधा, दोघीच राहत. वडील गुणाजी गिरणीत होते. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी काही पुन्हा उघडली नाही, तेव्हा ते मालवणकडे गावी शेती बघायला गेले ते तिकडचेच झाले. आई गुजराती घरांतून पोळ्या लाटायची. जयंतीला फिट येते हे मुंबईत फक्त आईला माहीत होते आणि परळच्या मोठ्या इस्पितळाला. घाटकोपरलाही इस्पितळ होते, पण तिथल्या रांगेत कोणीतरी ओळखीचे भेटलेच असते. परळला कशाला गेला होता असे कोणी विचारलेच, तर डोळे तपासायला, हे उत्तर ठरलेले. भटवाडीत जयंतीइतके डोळे दुसऱ्या कोणाचे तपासले गेले नसतील.

आणि आता तर तोंड उघडायची सोयच उरली नव्हती. बोरिवलीच्या श्यामकांतची पसंती आली होती. मुलगा अंधेरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, निर्व्यसनी, बोलायला मऊ. त्याला जयंती आवडली होती आणि, का लपवावे, जयंतीलाही तो फार आवडला होता. साखरपुडा माघात ठरला होता. त्यांना आजाराचे सांगायचे का, असे जयंतीने एकदा विचारले, तेव्हा आई कणीक मळता मळता थांबली होती.

"खुळी काय तू? लगीन झाला की फिटी बंद होतत. माझ्या आजयेचे बंद झालेले. मगे सांगान कित्याक मोडूचा?"

आईचा त्यावर मनापासून विश्वास होता. लग्न हेच त्या रोगाचे औषध आहे आणि औषध घेण्याआधी रोग सांगितला तर औषधच मिळणार नाही, असा सगळा तिढा होता.

मीरा विक्रोळीची. वडील साताऱ्याकडून येऊन कारखान्यात लागलेले. कामाला वाघ आणि बोलायला तोफ. "आपण परळला जाऊ या," ती म्हणाली. "तिथे दर बुधवारी फिट्सवाल्यांची ओपीडी असते म्हणे. डॉक्टरांनाच विचारू. बाई खूश."

बुधवारच्या त्या ओपीडीत जयंतीच्या नावाचा जाडजूड केसपेपर होता आणि तिथली आया तिला नावाने हाक मारायची. "कशाला यार एवढं? लायब्ररीत पुस्तकं आहेत ना," जयंती म्हणाली. गटातला तिसरा, वर्सोव्याचा रतन, जात्याच आळशी होता. त्याने लगेच मान डोलावली आणि परळ टळले.

पण लायब्ररीत रतनने नको ते शोधून काढले. एका संध्याकाळी कायद्याचे जाड पुस्तक पुढ्यात टाकून तो म्हणाला, "हे बघ, झकास पॉइंट मिळाला. अपस्माराचे झटके वारंवार येत असतील तर हिंदू विवाह कायद्याने लग्न रद्द करून मागता येतं. तक्त्यावर लाल अक्षरात टाकू."

"कशाला ते? आपण आरोग्याचा पाठ घेतोय," जयंती म्हणाली.

"अगं, सामाजिक बाजू! मार्क आहेत त्याला."

तक्ता जयंतीनेच रंगवला, कारण तिचे अक्षर चांगले होते. त्या लाल ओळीला तिने तीनदा ब्रश बुडवला. मनात म्हणाली, वाच बाई वाच, तुझ्याचसाठी लिहिलेय.

पाठाच्या दिवशी तिने शिक्षिकेचे काम मागून घेतले. शिक्षिकेने फळ्यापाशी उभे राहून नुसते बोलायचे असते. मीरा रोगी झाली आणि रतन अडाणी काका.

मीरा वर्गाच्या मधोमध चालत आली, थबकली. तिच्या तोंडून एक चमत्कारिक, लांब आवाज निघाला आणि ती सतरंजीवर कोसळली. मान एका बाजूला फिरली. डोळे वर गेले, पांढरे झाले. हातपाय ताठ झाले, मग झटके देऊ लागले. ओठांच्या कोपऱ्यातून थुंकी गळून हनुवटीवर आली. मीराने लाज म्हणून काही बाकी ठेवली नाही. मागच्या बाकांवरची मुले आधी दचकली आणि मग फिदीफिदी हसू लागली. रतन चप्पल घेऊन धावला, तेव्हा तर वर्ग डोक्यावर घेतला त्यांनी.

जयंतीचे वाक्य आले होते. ते तिच्या तोंडून फुटेना.

तिने हे कधीच पाहिले नव्हते. कसे पाहणार? तिच्यापुरता आजार म्हणजे डोळ्यांपुढे एकदम काळोख आणि मग जाग आल्यावर ठणकणारे डोके, चावली गेलेली जीभ आणि कांद्याचा वास. लहानपणी तिला वाटायचे, या आजारालाच कांद्याचा वास असतो. आई नाकाशी कांदा फोडून धरते हे पुष्कळ उशिरा कळले. पण मधे काय होते, ते आईने कधी सांगितले नव्हते. "काय नाय गो, वायच चक्कर इली," एवढेच म्हणायची.

म्हणजे आई हे बघत होती. एकटी, दार लावून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा करून.

"जयंती!" शिरोडकर बाई मागून ओरडल्या. "रोगी वाट बघतोय."

"चप्पल हुंगवू नका," जयंती म्हणाली. "कांदा हुंगवू नका. त्याचा काही उपयोग नसतो. तोंडात काही घालू नका. रोग्याला कुशीवर वळवा. त्याच्याजवळ थांबा. हसू नका."

शेवटचे वाक्य पाठात नव्हते. बाईंना ते फार परिणामकारक वाटले आणि त्यांनी तसे वहीत टिपून घेतले. तिघांना पहिल्या नंबरचे मार्क मिळाले.

मधल्या सुट्टीत नळावर मीरा तोंड धूत होती. जयंतीने विचारले, "खरंच असंच होतं?"

"अगदी सेम. गावाला माझ्या मामाला यायची ना. मी लहानपणापासून बघितलंय." मीराने ओढणीने तोंड पुसले. "मामाचं काही नाही गं, त्याला बिचाऱ्याला काय कळतंय? उठला की विचारायचा, जेवायला काय केलंय. वाट लागली ती मामीची. तिला लग्नाआधी कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या वेळी ती किंचाळत रस्त्यावर पळाली. तेव्हापासून तिला एकटीला झोप लागत नाही."

जयंती घरी आली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. जयंती तिच्या हातांकडे बघत राहिली.

"आई, मला फिट येते तेव्हा तू काय करतेस?"

"काय करतलंय? बसतंय बाजूक."

"भीती वाटते?"

"आदी वाटायची." आईने एक खडा उचलून बाजूला टाकला. "आज खयसून काढलंस ह्या?"

"बोरिवलीला कोण बसेल माझ्या बाजूला?"

"थय येवचीच नाय," आई म्हणाली आणि ताट घेऊन उठून गेली.

शनिवारी जयंती कॉलेज सुटल्यावर घाटकोपरला उतरली, पण घरी गेली नाही. अंधेरीची बस धरून श्यामकांतच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिली. तिला पाहून तो इतका हरखला की तिला तिथूनच परत फिरावेसे वाटले. समोरच्या उडप्याकडे ते बसले. त्याने चहा मागवला आणि बोरिवलीची खोली रंगवून घेतोय, कुठला रंग चालेल, असे विचारले.

"मला फिट्स येतात," जयंती म्हणाली. "शाळेत असल्यापासून. गोळ्या चालू आहेत, त्यामुळे कमी येतात. पण येतात. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

श्यामकांतने उचललेला कप परत बशीत ठेवला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे काय होतं नक्की?"

महिन्यापूर्वी हाच प्रश्न आला असता तर ती म्हणाली असती, वायच चक्कर येते. आता तिने सगळे सांगितले. तो आवाज, फिरलेली मान, पांढरे डोळे, थुंकी, झटके. एखाद्या परक्या बाईबद्दल बोलावे तसे बोलली. अशा वेळी जवळच्याने काय करावे, काय करू नये तेही सांगितले. पाठ तिला तोंडपाठ होता.

त्याच्या चहावर साय धरली. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," तो म्हणाला. चांगला माणूस होता, पण घाबरला होता, आणि ते त्याला लपवता येत नव्हते. "कोणाला बोलणार नाही मी. शप्पथ."

बसस्टॉपपर्यंत तो सोबत आला. खोलीच्या रंगाचे पुन्हा काही विचारले नाही.

पुढच्या पंधरवड्यात स्थळ आणणारे दत्ताराम मामा आले. उंबऱ्यातच चपला काढत रेंगाळले, तेव्हाच आईने ओळखले.

"वायट वाटून घेव नको, सुगंधा," मामा म्हणाले. "त्येंनी गावाक देवाक कौल लावल्यानी. देवान डावो दिल्यान, नको म्हटल्यान. झिलाक पसंत होती गो, पण देवाच्या म्होरे कोण जातलो?"

मामा पाणी पिऊन गेले. जयंती भिंतीला टेकून उभी होती. श्यामकांतने शब्द पाळला होता. घरच्यांना त्याने काय सांगितले, देवाला मधे कसे आणले, कोण जाणे. तिची लाज त्याने राखली होती आणि तिला सोडलेही होते. त्याचे उपकार मानावेत की मनसोक्त रडावे हे तिला कळेना. दोन्हीचा जोर सारखाच होता.

आई मात्र पेटली. तिथून सुरू झाली ती त्या देवाच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करीत सुटली. कधी नारळ चुकला नाही, कधी ओटी चुकली नाही, आणि माझ्याच चेडवाच्या वेळी डावा? मग एकाएकी तिचा आवाज बसला.

"देवाचो काय दोष?" ती म्हणाली. "मी लपयलंय. माणसांपासून लपवता येता, देवाक कसा लपवतलंय? माझ्यामुळे मोडला गो तुझा."

"तुझ्यामुळे नाही मोडलं, आई," जयंती म्हणाली. पुढचे वाक्य जिभेवर होते. मी सांगितले, मी स्वतः अंधेरीला जाऊन सांगितले. पण आई तिच्याकडे अशी बघत होती की ते तिने गिळून टाकले. देवाशी आईचे भांडण दोन दिवसांत मिटले असते. लेकीने हे का केले ते मात्र तिला जन्मभर उमगले नसते.

"मगे ह्या खेपेक आदी देवाक सांगान ठेवया," आई पदराने नाक पुसत म्हणाली. "गाऱ्हाणा घालूया. आणि माणसांक काय एक सांगूचा नाय. मामा म्हणी होते, चेंबूरचो एक झील आसा. रविवारी येतीत."

"येऊ दे," जयंती म्हणाली. त्यालाही सांगायचे, हे तिने तेव्हाच ठरवून टाकले होते. त्यानंतर जो येईल त्यालाही.

रविवारी सकाळी आईने तिला पुढ्यात बसवले आणि तेल लावून केस विंचरू लागली. डोक्याच्या मागे, पूर्वी कधीतरी मोरीच्या कट्ट्यावर पडून झालेल्या खोकेचा वण होता. तिथे केस उगवत नसत. फणी तिथवर आली की आईचा हात आपोआप हलका व्हायचा. आजही झाला. मग आईने बाजूचे केस ओढून त्या जागेवर घेतले, वरून घट्ट वेणी घातली आणि दिसत नाही ना, हे दोनदा हात फिरवून पाहिले.

जयंती मान खाली घालून बसून राहिली. आईला नीट पाहता यावे म्हणून तिने ती आणखी थोडी खाली केली.